घर रिकामं करण्याआधी चित्रकार वडिलांच्या कामाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, कारण उत्तरातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीला धरून आहेत. वडील ८१ वर्षांचे. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकले, शाळेत चित्रकला शिकवली आणि नोकरी सांभाळून दिवाळी अंकांची, कादंबऱ्यांची मुखपृष्ठं आणि कथाचित्रं केली. शिवाय स्वतःसाठी काढलेली निसर्गचित्रं, स्केचबुकं, संपादकांची पत्रं, फोटो, काही कॅसेट. डोंबिवलीतली तुमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे, दसऱ्यापर्यंत जागा सोडायची आहे आणि नवा फ्लॅट मिळेपर्यंत भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं आहे. भाऊ म्हणतो, सगळं स्कॅन करून घेऊ आणि मूळ कागद काढून टाकू. तुम्हाला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

मी कागदाच्या जतनाचं काम करते. चित्रकार, नेपथ्यकार, छायाचित्रकार यांच्या घरचे संग्रह लावून देणं हा त्यातला मोठा भाग. अशा घरांतून पहिली विचारणा होते ती खोक्यांची, स्कॅनरची, वाळवीची. तुम्हीही तेच विचारलंय आणि त्याची उत्तरं पुढे देतेच. पण खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: कपाटात नक्की काय आहे, हे घरात किती जणांना माहीत आहे? बहुतेक वेळा एकालाच माहीत असतं, आणि ते माणूस म्हणजे तुमचे बाबा. बऱ्या स्थितीतला कागद अजून पाच-दहा पावसाळे काढेल. ८१ वर्षांच्या माणसाच्या आठवणीबद्दल असं म्हणता येत नाही. म्हणून माझ्या मते पहिला खर्च, पहिला वेळ आणि घरातली पहिली शक्ती बाबांशी बोलण्यावर घाला, स्कॅनिंगवर नाही.

हे कितपत जमेल ते अर्थात बाबांच्या तब्येतीवर आणि त्याहून जास्त त्यांच्या मर्जीवर आहे. काही कलावंतांना जुनं काम काढलेलं आवडत नाही. 'ते पोटासाठी केलेलं काम, त्याचं काय एवढं' असं म्हणून ते उठून जातात. विशेषतः मुखपृष्ठं करणाऱ्यांच्या मनात ही गाठ हमखास असते, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात 'चित्रकार' आणि 'कमर्शियल' असे दोन वर्ग होते आणि दुसऱ्याला मान कमी होता. जबरदस्ती करू नका. एखादं चित्र त्यांना फाडून टाकायचंच असेल, तर आधी त्याचा फोटो काढा, का टाकायचंय ते विचारून लिहून घ्या आणि मग फाडू द्या. काम त्यांचं आहे.

बोलायला बसताना 'बाबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' अशी सुरुवात केलीत तर चार ठरलेले किस्से मिळतील, जे तुम्ही लहानपणापासून ऐकलेत. त्यापेक्षा हातात एक वस्तू द्या. सकाळी चहानंतर, तास-दीड तास, टेबलावर पाच-सहा चित्रं, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू, पंखा बंद. पंख्याचा आवाज नंतर रेकॉर्डिंगमध्ये फार त्रास देतो. हे कुणासाठी केलं? किती पैसे मिळाले? कागद कुठला, कुठून आणला? मॉडेल कोण, शेजारची कुणी होती का? संपादकांनी बदल सांगितला होता का? असे बारीक प्रश्न विचारले की माणूस बोलू लागतो. प्रत्येक चित्र दाखवताना त्याचा नंबर मोठ्याने उच्चारा, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र यांची जोडी लागते.

चित्राची मागची बाजू का महत्त्वाची, ते एका नेहमी दिसणाऱ्या नमुन्यावरून सांगते. ब्लॉकच्या, म्हणजे चित्रावरून धातूचा ठसा करून छापण्याच्या जमान्यातलं मुखपृष्ठाचं मूळ चित्र घ्या. पुढे पोस्टर कलरमध्ये रंगवलेली बाई, वर मासिकाच्या नावासाठी सोडलेली मोकळी जागा. कडेला पेन्सिलीने काढलेल्या बारीक फुल्या, म्हणजे एकेका रंगाची छपाई एकमेकांवर नेमकी बसावी म्हणून केलेल्या खुणा. उलटून पाहिलं तर ब्लॉक केवढ्या रुंदीचा करायचा ते लाल पेन्सिलीत लिहिलेलं, ब्लॉकमेकरचा शिक्का, एका कोपऱ्यात संपादकाच्या अक्षरात 'पदर जरा वर घ्यावा', आणि खाली चित्रकाराच्याच हातची रक्कम आणि तारीख. पुढे खरोखर पदरावर पांढऱ्याचा एक जाडसर थर दिसतो, बोटाला जाणवण्याइतका. छापलेल्या अंकात यातलं काहीच नाही. चित्र किती दिवसांत झालं, कुणी बदलायला लावलं, त्याचे किती पैसे मिळाले, हे सगळं त्या एका कागदाच्या पाठीवर आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी मराठी घरं भरून गेली होती, पण त्या काळात मूळ चित्र चित्रकाराकडे परत यायचंच असा नेम नव्हता. ती प्रेसमध्ये, कार्यालयात पडून राहत आणि पुढे रद्दीत जात. तुमच्या घरी मूळ चित्रं उरली आहेत, याचं मोल भावाला एवढ्यासाठी सांगा. त्या खुणा, ते शिक्के 'घाण' समजून खोडरबराने पुसू नका, कडा कापून 'नीटनेटकं' करू नका.

कलावंताने स्वतः काही लिहून ठेवलं असेल तर काम किती सोपं होतं आणि नसेल तर किती अडतं, याची दोन्ही उदाहरणं आपल्याकडे आहेत. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी डायऱ्या लिहिल्या. ते १९९५ साली गेले, तरी त्यांच्या चित्रांतल्या वस्तू कुठून आल्या, एखादी कल्पना कशी बदलत गेली, याचा माग आज अभ्यासकांना त्या डायऱ्यांतून काढता येतो. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात डायऱ्यांनाही जागा होती. याउलट चित्रकार नसरीन मोहमदी. त्यांच्या बऱ्याचशा कामांना शीर्षक नाही, तारीख नाही. त्याही डायरी लिहीत, पण चित्रांवर साल नसल्यामुळे आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे शैली पाहून अंदाजाने ठरवावं लागतं. तुमच्या बाबांना आज 'हे साधारण कोणत्या साली?' एवढं विचारलंत, तरी पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात. नक्की साल आठवलं नाही तर 'मोठीच्या जन्माआधी', 'दादरची खोली असताना' असं उत्तरही चालतं. ते तसंच लिहा, स्वतः हिशोब करून साल टाकू नका. अंदाज असेल तर साल लिहून पुढे 'अंदाजे' लिहा.

आता कपाटाकडे. उघडण्याआधी प्रत्येक कपाटाचा, कप्प्याचा, टेबलाच्या खणाचा आहे त्या अवस्थेत फोटो काढा. मग जे जिथे होतं ते तसंच एकत्र बाहेर काढा. उत्साहाच्या भरात लोक पहिल्याच रविवारी सगळं जमिनीवर पसरतात आणि 'चित्रं इकडे, पत्रं तिकडे, फोटो वेगळे' असे ढीग करतात. दिसायला ते शहाणपणाचं वाटतं, पण त्यात फार मोठी माहिती हातची जाते. एका फाइलमध्ये संपादकाचं पत्र, त्याला लावलेली तीन कच्ची रेखाटनं, एक फोटो आणि मनीऑर्डरची पावती असेल, तर ती एका कामाची सगळी कथा आहे. ढीग केलेत की पत्राला तारीख राहते पण ते कोणत्या चित्राबद्दल ते कळत नाही, आणि फोटोतला माणूस कोण ते तर कुणालाच कळत नाही. म्हणून बाबांनी ज्या क्रमाने ठेवलंय तो क्रम, तुम्हाला कितीही विस्कळीत वाटला तरी, राहू द्या. जागेची अडचण असेल तर मोठी चित्रं वेगळी ठेवावी लागतील. तेव्हा मूळ फाइलमध्ये 'चित्र क्र. ४७ मोठ्या पेटीत' अशी एक चिठ्ठी घाला.

नंबर देण्याची पद्धत साधी ठेवा. १ पासून सुरू, एका वस्तूला एक नंबर, दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्या कशाला नाही. विषयाची, सालाची सांकेतिक अक्षरं नंबरात घालू नका, कारण साल नंतर चुकीचं निघालं की नंबर बदलावा लागतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. कागदावर नंबर मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, टू-बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, मार्कर तर मुळीच नको, ते पुढे उमटतात. कॅनव्हास असेल तर कापडावर न लिहिता मागच्या लाकडी चौकटीवर. पूर्ण स्केचबुकाला एकच नंबर पुरे, पानं आतल्या आत मोजायची. पत्रांच्या फाइललाही एकच.

मग एक नोंदवही. एक्सेलमध्ये करा, पण दर महिन्याला तिची छापील प्रतही काढून ठेवा. रकाने: नंबर, शीर्षक किंवा वर्णन, साल, माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये (आधी उंची, मग रुंदी, हा क्रम एकदा ठरला की मोडू नका), सही कुठे आहे, मागे काय लिहिलंय, स्थिती, आत्ता कुठे ठेवलंय, फोटोच्या फाइलचं नाव, आणि बाबांनी काय सांगितलं. एवढं पुरे. विकली गेलेली, भेट दिलेली चित्रंही आठवतील तशी याच वहीत नोंदवा, कुणाकडे आहेत त्यासकट. आपल्याकडच्या चित्रबाजारात नकलांचा प्रश्न मोठा आहे आणि एखादं चित्र खरं की खोटं हे ठरवायची वेळ येते तेव्हा कुटुंबाने वेळेवर केलेली अशी नोंद हा सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

सगळंच ठेवायचं का? नाही. वन बीएचकेत ते जमणारही नाही. एकाच प्रदर्शनाच्या ५० निमंत्रणपत्रिका असतील तर तीन ठेवा. छापील दिवाळी अंकांत बाबांचं काम असलेले आणि त्यावर त्यांनी काही लिहिलेले अंक ठेवा, बाकीचे दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत आहेत का ते विचारा. नसतील तर ते अंक त्यांना हवेही असतील. कोरे कागद, वाळलेल्या रंगांच्या बाटल्या, फुटक्या फ्रेमा खुशाल काढा, मात्र फ्रेमच्या मागे प्रदर्शनाचं लेबल असेल तर त्याचा फोटो काढून लेबल जपा. लोक चुकून टाकतात ते वेगळंच असतं: नापास झालेली कच्ची रेखाटनं, रंगसामानाची बिलं, कामाच्या पैशांची जमाखर्चाची वही, नकाराची पत्रं. हे कधीही टाकू नका. चित्रकार कसा जगला, एका मुखपृष्ठाचे किती मिळायचे, हे पुढे कुठेही सापडत नाही, ते अशा वह्यांतच सापडतं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात अवघड गोष्ट आहे ती वेळेची. दसऱ्यापर्यंत म्हणजे सगळी बांधाबांध पावसाळ्यात. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि साधारण ६५-७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला अनुकूल हवा तयार होते. कागद हवेतलं पाणी शोषतो. असा ओलसर कागद प्लॅस्टिकच्या पेटीत दाबून बंद केला की बाहेरची हवा कोरडी झाली तरी आतला ओलावा आतच राहतो आणि दिवाळीला पेटी उघडावी तर सगळीकडे पांढरी-हिरवी भुरी. म्हणून कामाचा क्रम असा लावा, की जुलै-ऑगस्टमध्ये बोलणं, नंबर देणं, नोंदी आणि फोटो. आणि पेट्या बंद करणं सप्टेंबरमध्ये पावसाने उघडीप दिली की. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते घ्याच. एक खोली निवडा, दारं-खिडक्या लावून एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर लावून आकडा ६० च्या खाली आणा, कागद तिथे दोन-तीन दिवस सुटे पसरून ठेवा आणि मग बांधा. एसी नसेल तर कोरड्या दिवशी, पंख्याचा झोत थेट न घेता. उन्हात मात्र नाही. ऊन दाखवायची आपली जुनी सवय धान्याला आणि गाद्यांना ठीक, जलरंग आणि पोस्टर कलर उन्हाने उडतात आणि कागद वाकतो.

आधीच बुरशी आलेला कागद दिसला तर तो लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. ओली, बोटाला चिकटणारी बुरशी घासू नका, आधी सुकू द्या. सुकल्यावर गॅलरीत, तोंडाला एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. हे काम बाबांना करू देऊ नका, या वयात फुप्फुसांना त्रास होतो. फडक्याला डेटॉल लावून पुसण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कसर किंवा इतर कीड लागलेली पुस्तकं, अंक असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. उणे १८-२० अंशाला किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. चित्रांवर आणि फोटोंवर मात्र हा प्रयोग घरी नको. डांबरगोळ्या कपाटात असतील तर काढून टाका. त्यांचा वायू बंद घरात माणसांनाही चांगला नाही आणि प्लॅस्टिकलाही खातो.

बांधायला काय वापरायचं, यावर लोक नाहक खूप पैसे घालवतात. परदेशी आम्लमुक्त (कागद पिवळा-ठिसूळ न करणाऱ्या) पेट्या उत्तम, पण सगळ्या संग्रहाला त्या परवडत नाहीत. आपल्या पोथ्या शतकानुशतकं बासनात राहिल्या त्यामागे कारण आहे: सुती कापड ओलावा शोषतं, सोडतं आणि हवा खेळू देतं. नवं पांढरं मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, वाळवा आणि फाइली, स्केचबुकं त्यात गुंडाळा. रंगीत कापड नको, भिजलं तर रंग उतरतो. सुट्या चित्रांसाठी कडक पाठ लागते. त्याला सनपॅकच्या शीट घ्या, त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि कागदाला त्रास देत नाहीत. दुकानदार त्याऐवजी सनबोर्ड पुढे करेल. तो पीव्हीसीचा फोम असतो, तो नको. पीव्हीसीचे मऊ, वासाचे पारदर्शक फोल्डरही नकोत. दोन चित्रांच्या मध्ये आम्लमुक्त टिशू घाला, जतनाचं सामान विकणाऱ्यांकडून तेवढी एक वस्तू विकत घेणं योग्य. पोस्टर कलर, पेस्टल आणि कोळशाची चित्रं प्लॅस्टिकला चिकटवून ठेवू नका. प्लॅस्टिकवरची स्थिर वीज भुकटी आणि सुटलेले पापुद्रे ओढून घेते. ती नेहमी आडवी, एका पेटीत थोडीच. कॅनव्हास गुंडाळायचाच झाला तर जाड नळीवर आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन तडकतो.

रबरबँड, टाचण्या, गंजलेल्या यू-पिना काढा. जुनी सेलोटेप ओढून काढू नका, तिच्याबरोबर कागदाचा थर निघतो. तशीच राहू द्या आणि नोंदवहीत लिहा, ते काम पुढे जाणकाराकडून करून घेता येतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, इन्टॅक या वारसाजतन करणाऱ्या संस्थेचीही जतनकेंद्रं आहेत. निवडक, खरोखर बिघडलेल्या पाच-दहा कामांसाठी त्यांचा सल्ला घ्या. आणि लॅमिनेशन कशाचंच करू नका. प्रमाणपत्रं, पत्रं, चित्रं काहीही असो, गरम चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

आता भावाचा मुद्दा. त्याला सरळ चूक ठरवू नका. स्कॅनिंग हवंच आहे, दोन कारणांसाठी: मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही, आणि एका जागी आग-पूर आला तर निदान प्रतिमा राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई परिसरातल्या कितीतरी तळमजल्यांवरच्या घरांत आणि स्टुडिओंत कागद म्हणून काही उरला नाही. पण स्कॅन म्हणजे मूळ चित्र नव्हे. पदरावरचा तो पांढऱ्याचा थर स्कॅनमध्ये सपाट होतो, कागदाचा पोत आणि जलचिन्ह जातं. शिवाय डिजिटल फाइल कागदापेक्षा नाजूक असते. कपाटातला कागद ३० वर्षं विसरला तरी सापडतो, विसरलेली हार्ड डिस्क उघडत नाही. भावाला सांगा की स्कॅन करू, पण मूळ टाकायचं नाही.

करताना ए-फोरपर्यंतच्या कागदांना फ्लॅटबेड स्कॅनर, मूळ आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), लहान रेखाटनं आणि फोटो ६०० ला. निगेटिव्हला बरंच जास्त लागतं, ते वेगळ्या स्कॅनरवर. मूळ फाइल टिफमध्ये, रोज बघायला आणि पाठवायला जेपीजी. पुढची आणि मागची दोन्ही बाजू. कागदाची पूर्ण कड दिसली पाहिजे, कापून 'फ्रेममध्ये' बसवायचं नाही. मोठी चित्रं कॅमेऱ्याने, ढगाळ दिवशी खिडकीजवळ, चित्र आणि कॅमेरा एकमेकांना समांतर, बाजूला रंगपट्टी (रंग ताडून पाहण्यासाठी) आणि मोजपट्टी ठेवून. मोबाइलमधली 'स्कॅन' करणारी ॲप पत्रांच्या कामचलाऊ प्रतीसाठी ठीक, पण ती पार्श्वभूमी पांढरीफेक करतात आणि फिक्या पेन्सिलीच्या रेषा गिळतात, म्हणून चित्रांना ती वापरू नका. फाइलचं नाव म्हणजे नोंदवहीतला नंबर, बस. प्रती तीन: एक घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी भावाकडच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. पेन ड्राइव्ह आणि सीडी हे साठवणीचे मार्ग धरू नका. क्लाउडचं खातं बाबांच्या नावाने उघडून विसरू नका, गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर काढून टाकलं जाऊ शकतं.

सगळं एकदम जमणार नसेल तर कॅसेट आधी. त्यात नाटकाच्या तालमी, मुलाखत, आकाशवाणीवरचं भाषण, काहीही असू शकतं. फीत दरवर्षी कमजोर होते आणि चांगला चालू टेपरेकॉर्डर मिळणं त्याहून वेगाने कमी होतंय. वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मूळ पुसलं जात नाही. पांढरी बुरशी दिसली तर घरच्या यंत्रात घालू नका. आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या, एमपीथ्री फक्त ऐकायला.

हक्कांचं थोडक्यात सांगते, नेमक्या सल्ल्यासाठी वकील पाहा. बाबांनी स्वतःसाठी केलेल्या चित्रांचा कॉपीराइट त्यांचा, आणि त्यांच्यानंतर ६० वर्षं वारसांचा. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा ठरू शकतो. म्हणून मुखपृष्ठांच्या बाबतीत ती पत्रं आणि पावत्या पुन्हा महत्त्वाच्या. हक्क कुणाकडेही असले तरी चित्रावर आपलं नाव असण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा कलावंताचा अधिकार वेगळा राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या आपल्या भित्तिशिल्पासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी याच मुद्द्यावर सरकारशी खटला लढवला आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

एखादी संस्था हे घेईल का? शक्य आहे, पण संपूर्ण संग्रह, सांभाळण्याच्या हमीसह घेणाऱ्या संस्था आपल्याकडे थोड्या आहेत आणि जागेची चणचण त्यांनाही आहे. काही संस्था मूळ न घेता डिजिटल प्रत करून अभ्यासकांना खुली करतात. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने बडोद्याचे कलावंत ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, रतन पारिमू आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या संग्रहांचं असंच काम केलं आहे. सगळ्यांचं नाव एवढं मोठं नसतं हे खरं, पण मुखपृष्ठांचा, छपाईचा, मराठी प्रकाशनाचा अभ्यास करणारी माणसं आता वाढत आहेत. कुणाकडेही जाताना हातात नोंदवही आणि दहा-बारा चांगल्या प्रतिमा असू द्या. 'घरात खूप चित्रं आहेत, येऊन बघा' याला उत्तर मिळत नाही. '३४० मूळ चित्रं, २२ स्केचबुकं, पत्रांच्या १४ फाइली, ही यादी' अशा पत्राला मिळतं. देणगी द्यायची झाली तर लेखी करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कॉपीराइट कुणाकडे राहणार, कुटुंबाला प्रती मिळणार का, अभ्यासकांना कधीपासून बघता येणार, आणि संस्थेला पुढे सांभाळता आलं नाही तर ते कुणाकडे जाणार. खासगी पत्रं काही वर्षं बंद ठेवण्याची अटही घालता येते. संग्रह दोन-तीन संस्थांत वाटून देऊ नका, शक्यतो तो एकत्रच जाऊ द्या.

आणि हे सगळं बाबांच्या समोर, त्यांच्या संमतीने ठरवा. मृत्युपत्रात घर आणि ठेवी असतात, चित्रांचा उल्लेख नसतो. त्यामुळे भावंडांत निम्मी-निम्मी वाटणी होते आणि फाइलीतलं पत्र एकाकडे, चित्र दुसऱ्याकडे जातं. बाबांनी मृत्युपत्रात एक परिच्छेद घालावा: मूळ कामं आणि कागद कुणी सांभाळायचे, कॉपीराइट कुणाकडे, विकायचं झालं तर कुणाच्या संमतीने, आणि काय कधीच विकायचं नाही. नोंदवहीची छापील प्रत त्याला जोडता येते, प्रत्येक पानावर त्यांची सही घेऊन.

भाड्याचं घर कितव्या मजल्यावर आहे, आणि कपाट लावायला बाथरूमची किंवा पावसाचा मार बसणारी बाहेरची भिंत सोडून दुसरी भिंत मिळते आहे का, हे कळवा. लोखंडी कपाट वाळवीसाठी चांगलं, पण ते ओल्या भिंतीला चिकटवून ठेवलं तर आत पाणी सुटतं. भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून वीतभर अंतर हवं. खोलीचा साधा नकाशा काढून पाठवलात तर पेट्या कुठे आणि किती उंचीवर ठेवायच्या ते सांगते.